स्वयंपाकघरातून भिंत जाणार नाही

मी, सत्यशीला पुंजाजी गडदे, वय वर्षे अडुसष्ट, पूर्वी अंगणवाडी सेविका, आता घरीच, राहणार डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे; शिवाय आज सकाळी ज्वारीचे पीठ जुने आहे, त्याला आधणाचे पाणी लागेल, हे मी नुसते चिमटीत धरून सांगितले. ज्याला जो पुरावा पटेल तो त्याने धरावा. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट, लिहू नका म्हणून सांगायलाच दोघे-तिघे येऊन गेले, त्यामुळे लिहिणे लवकर उरकले.

कलम १. माझे यजमान पुंजाजी शेळ्या-मेंढ्या राखत. ते मागच्या उन्हाळ्यात वारले. आम्हाला दोन मुलगे. थोरला हरिचंद वसमतला राहतो, त्याचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. धाकटा हनुमान माझ्याजवळ राहतो, शेती आणि शेळ्या पाहतो. हनुमानची बायको पुजा एसटीत वाहक आहे. ओढ्याकाठचे शेत यजमानांनी हयातीतच दोघांना सारखे वाटून दिले. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही, म्हणून ते या कागदात येत नाही.

कलम २. राहते घर माझे आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरी माझे नाव आहे आणि ते माझ्या मानधनातून उभे राहिले. पहिल्यांदा फक्त स्वयंपाकाची खोली बांधून झाली. एक अख्खा पावसाळा आम्ही चौघे त्याच खोलीत राहिलो. चुलीच्या उबेला पोरे झोपत आणि एखादी व्यालेली शेळीही दाराशी येऊन बसे. बाकीच्या खोल्या मागाहून जमेल तशा जोडल्या.

हे सबंध घर मी हनुमान आणि पुजा या दोघांच्या नावे, सारख्या हक्काने, देते. त्याचे दोन भाग करू नयेत. मागच्या दिवाळीला हरिचंद गवंड्याला घेऊन आला आणि घराच्या मधोमध दोरी धरून पाहिली. दोरी स्वयंपाकाच्या ओट्यावरून गेली. अर्धा ओटा इकडे, अर्धा तिकडे. मी ती दोरी गुंडाळून गवंड्याच्या हातात परत दिली आणि त्याला चहा पाजून वाटेला लावले. स्वयंपाकघरातून भिंत जाणार नाही, मी असताना नाही आणि माझ्या पाठीमागेही नाही.

कलम ३. धाकट्याला घर का दिले, हे भाऊकी विचारील. म्हणून लिहिते.

पुजाला नोकरी लागली त्याच पावसाळ्यात मी अंगणात घसरले आणि माझा उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर झाले. पुजा पहाटेच्या गाडीवर जायची, यजमान शेळ्या घेऊन रानात. घरात मी आणि हनुमान. पहिल्या दिवशी त्याने शेजारून भाकरी मागून आणल्या. दुसऱ्या दिवशी मी म्हटले, मागून आणायचे बंद. मी स्टुलावर बसले आणि तोंडाने सांगत गेले, तो हाताने करत गेला. पहिली भाकर तव्यावर टाकतानाच दुमडली. ती शेळीने खाल्ली. तिसरी-चौथी आमच्या पोटात गेली. पिठले त्याला पहिल्याच फटक्यात जमले, कारण ते जमायलाच असते. फोडणीत लसूण तांबूस झाला की पाणी घालायचे, पाण्याला उकळी आली की एका हाताने बेसन भुरभुरायचे आणि दुसऱ्याने हाटत राहायचे, थांबायचे नाही. एवढेच.

हात बरा झाला तरी त्याने तवा सोडला नाही. मी विचारले, तर म्हणाला, "माय, दिवसभर रानात राबतो, पीक कधी हाती येईल ते कळत न्हाई. इथं घडीभरात हाती येतं, अन् समोर बसून माणूस खातं."

यजमान सुरुवातीला ताट घेऊन ओसरीवर जाऊन बसत. मग हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी शेळ्या कोंडून सरळ आत आले, ओट्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हनुमान, आज शेंगोळे करतो का?" त्याने हुलग्याचे पीठ लसूण-मिरचीच्या वाटणात घट्ट मळले, बोटाएवढ्या वळ्या करून त्यांची टोके जोडून कडी केली आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडली. यजमान तिथेच पाटावर बसून राहिले. त्या दिवसापासून त्यांचे ताट ओसरीवर गेले नाही.

त्यांच्या तेरवीला मी बाहेरचा आचारी बोलावला नाही. हनुमानने सगळा स्वयंपाक केला. पंगत बसली आणि कोणीतरी बोलले की सून गाडीत तिकिटे फाडते अन् पोरगा घरी भाकरी थापतो. चार-पाच जण ताटावरून उठले. हरिचंद सगळ्यांसमोर मला म्हणाला, "भाऊकीत नाक ऱ्हायलं न्हाई. पुजानं नोकरी सोडावी, न्हाई तर तुला मी वसमतला नेतो." लग्नात शंभर माणसांचे रांधणारे आचारी गडीच असतात, तिथे कोणाचे नाक जात नाही, हे मी तेव्हा बोलले नाही. एवढेच म्हटले, "मी बोचकं न्हाई, हरिचंद, इकडून उचलून तिकडं ठेवायला."

पुजाने नोकरी सोडलेली नाही. सोडू नये.

कलम ४. माझी लाकडी काठवट हरिचंदच्या मुलीला, जाईला, द्यावी. सुट्टीत आली की ती माझ्याजवळ बसून धपाटे थापते. ओल्या फडक्यावर थापायचे, मधे बोटाने भोके पाडायची, म्हणजे तेल आत उतरते. हे तिला पाठ आहे. काठवट शोभेला मांडून त्यात फुले ठेवायची नाहीत. पीठ मळायचे. पाटा-वरवंटा घरातच राहील, तो कोणी उचलूही शकणार नाही.

कलम ५. माझी जाऊ शालूबाई हिने जाईच्या बारशाला चार बायकांत सांगितले होते की सत्यशीलाच्या येसराची आमटी दुकानच्या पुडीची असते. हे मी विसरलेले नाही आणि मेल्यावरही विसरायचा विचार नाही. येसर माझा घरचाच. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, सुकी मिरची, प्रत्येक वेगळे मंद आचेवर भाजायचे आणि थंड झाल्यावरच दळायचे. तरीही येसराचा भरलेला डबा मी शालूबाईलाच देते. तेरवीला गडीमाणसे उठली तेव्हा ती उठली नाही. तिने आमटी भुरकून खाल्ली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी परत मागितली.

कलम ६. माझ्या रोजच्या रांधण्याचा वारसा कोणा एकाचा नाही. ज्याला भूक आहे आणि दोन हात आहेत, त्याचा तो. अंगणवाडीत पोरांसाठी मी सुशीला करायचे: मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत हळद टाकून परतायचे, वरून दाळव्याचा कूट. रडत आलेले लेकरू खाताना गप्प व्हायचे. मोठ्या माणसांचेही तसेच असते, ती फक्त कबूल करत नाहीत. अंबाडी धुताना हाताला येणारा आंबट वास, वरणाला आलेली पहिली उकळी, तव्यावर टम्म फुगलेली भाकर, यांत माझा जन्म गेला आणि मला तो वाया गेल्यासारखा वाटत नाही. घरात कितीही भांडण झाले तरी रोज एक वेळ तरी या घरात ताजे शिजावे, ही माझी सक्त सूचना आहे.

कलम ७. या मृत्युपत्राची व्यवस्था पुजाने पाहावी. भरल्या गाडीत ती प्रत्येकाला बराबर सुटे परत देते. हेही तिला जमेल.

कलम ८. माझ्या तेरवीला साधे पिठले, भाकर, ठेचा आणि अंबाडीची भाजी करावी. रांधणारा हनुमान. हरिचंदने पाहुण्यांची उठबस पाहावी, असे मी आधी लिहिले होते. ते खोडून खाली नवे लिहिले आहे, त्याचे कारण असे.

आज दुपारी हरिचंदला मुद्दाम बोलावून घेतले. पाठीमागे कोर्टात वाचण्यापेक्षा त्याने माझ्यासमोर वाचावे, अशी माझी इच्छा होती. तो ओट्यापाशी बसून सगळे वाचत राहिला. हनुमान भाकरी टाकत होता. घर न मिळाल्याबद्दल हरिचंद काही म्हणाला नाही. शेवटचे पान त्याने परत परत वाचले आणि कागद खाली ठेवला.

"माय," तो म्हणाला, "पाहुण्यायची उठबस कोनी बी करल. मला आत काहून घेतलं न्हाई?"

मी म्हटले, तुला येते काय? तो म्हणाला, काही येत नाही. हनुमानने तव्यावरची भाकर उलटली, बाजूला सरकला आणि त्याच्यापुढे परात ढकलली. तेव्हा आठव्या कलमाचा मजकूर असा वाचावा: तेरवीचा स्वयंपाक हनुमान आणि हरिचंद दोघे मिळून करतील. हरिचंदच्या भाकरी जाड झाल्या आहेत आणि कडेला फाटल्या आहेत. त्याला शिकायला वेळ लागेल, म्हणून मला इतक्यात मरायचे नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, खाडाखोडीच्या ठिकाणी सही केली, आणि साक्षीदारांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सह्या केल्या.

लिहून देणार: सत्यशीला पुंजाजी गडदे (सही)

साक्षीदार:
१. गुलाबसिंग, आमचे शेजारी, निवृत्त पोस्टमन (सही)
२. हरिचंद पुंजाजी गडदे, थोरला मुलगा (सही, कागदाला पीठ लागले आहे, ते त्याच्या हाताचे)

ठिकाण: डोंगरकडा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५