शनिवार संध्याकाळी सहा चाळीस

बूढापारा, रायपूर
२४ मार्च २००२

प्रिय सुशील,

‘प्रिय’ हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. आता खोडत बसत नाही.

वाचनालयाचं मशीन काल दुपारी सुरू झालं. ते बंद पडलंय हे तुला कोणी सांगितलं असेल की नाही, देव जाणे. गेल्या रविवारी तू येऊन तुझी हार्ड डिस्क काढून नेलीस आणि सोमवारी नव्या सरकारी नोकरीवर रुजू झालास. मंगळवारी गुलाबरावांनी बटण दाबलं, तर पडद्यावर ‘एल आय’ ही दोन अक्षरं, आणि पुढे काही नाही. तुझा फोन लागेना. मग अध्यक्षमहाराज स्वतः आमच्या दारात, आवाज एकदम नरम. म्हणाले, “पोरी, एक बार पाहून घे ना.” जानेवारीत उद्घाटनाच्या दिवशी हेच गुलाबराव सगळ्यांसमोर म्हणाले होते, “पोरीले काहून या भानगडीत टाकलं?” मला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

त्या दिवसाचं तुला मी काय सांगायचं? पण सांगते, कारण तू तो तुझ्या पद्धतीने सांगत फिरलास. सात महिने मी पाच हजार मराठी पुस्तकांची नावं इंग्रजी अक्षरांत टाइप केली. मान आखडली, डोळे चुरचुरले. ठरलं होतं की यादी चालली की माडीवरचा कॉम्प्युटर वर्ग मी चालवायचा. राज्य नवं, रोज एक नवी कचेरी उघडतेय, प्रत्येक घरातल्या पोरांना कॉम्प्युटर शिकायचाय. मला पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी मिळणार होतं. विंडोज विकत घ्यायची वाचनालयाची ऐपत नाही, म्हणून मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकायचं तूच सुचवलंस. शुक्रवारी आपण दोघांनी मिळून टाकलं. शनिवारी दुपारी तीनदा बंद करून तीनदा सुरू केलं, तिन्ही वेळा चाललं. मी आनंदाने तुझ्या पाठीत धपाटा घातला होता.

आणि रविवारी उद्घाटनाला मॉनिटरला हळदकुंकू वाहून, हार घालून, नारळ फोडून झाल्यावर मी बटण दाबलं, तर तीच दोन अक्षरं. दीडशे माणसं बसलेली. मी पाच वेळा बंद-चालू केलं. मागून कोणीतरी नारळ नासका निघाला असेल म्हणालं आणि लोक हसले. तू पुढे आलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि माईकवर किती समजूतदारपणे बोललास! नवीन आहे, काहीतरी चुकीचं दाबलं असेल, तिला बोल लावू नका. मशीन घरी नेलंस, दोन दिवसांनी चालू करून आणलंस. वर्गाची किल्ली तुला मिळाली. आणि मी मूर्ख, तुझे उपकार मानायला शिऱ्याचा डबा घेऊन तुमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी आले. बदाम घालून केला होता रे. तू दोनदा मागून खाल्लास.

दोन महिने मी स्वतःला दोष दिला. झोपताना कीबोर्डवरची प्रत्येक कळ आठवायची, कोणती चुकली? आई म्हणायची, जाऊ दे, आपल्याला नाही झेपत ते. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

काल उघडून बसले. सीडी घालून मशीन सीडीवरूनच सुरू केलं आणि आतल्या फायली वाचल्या. माझी यादी जागच्या जागी होती, एक पुस्तक हललं नव्हतं. हललं होतं ते सुरू होण्याचं साधन. मशीन चालू झालं की आधी लिलो नावाचा छोटा प्रोग्राम उठतो आणि तो बाकी सगळ्याला उठवतो. त्याला लागणाऱ्या फायली वाचनालयाच्या डिस्कवर नव्हत्याच. त्या दुसऱ्या डिस्कवर शोधायला सांगितलं होतं. दुसरी डिस्क म्हणजे तुझी, यादीची जादा प्रत काढायची म्हणून जोडलेली. तुझी डिस्क आत असली की मशीन चालतं, काढली की मुकं. म्हणजे दोन दिवस घरी नेऊन तू काही दुरुस्त केलंच नव्हतंस, फक्त काढलेली डिस्क परत लावून दिली होतीस.

तरीही मी तुझी बाजू घेतली, बरं का. घाईत चुकून झालं असेल, म्हटलं. मग ज्या फाईलमध्ये तसं सांगितलं होतं, तिच्यावरची तारीख-वेळ पाहिली. शुक्रवार नव्हे, शनिवार, संध्याकाळी सहा चाळीस. त्या वेळी मी गोदूमावशीकडे हळदीकुंकवाला होते. मी जायला तयार नव्हते, मशीन सोडवत नव्हतं. तूच म्हणालास, “तू जा ना, काहून घाबरून राहिली? मी आहो ना.” माझ्या हातातली वाचनालयाची किल्लीही तूच घेतलीस. हे वाचल्यावर मी मॉनिटरसमोर बसून रडले, सुशील. रागाने नाही. मी तुझ्यावर इतका विश्वास टाकला याची लाज वाटून.

मग डोळे पुसले, त्या फायली सीडीवरून पुन्हा वाचनालयाच्या डिस्कवर आणल्या, लिलोची एक ओळ बदलली. वीस मिनिटांचं काम. गुलाबरावांना फक्त झालं एवढंच सांगितलं.

आता हे पत्र का. परवा तुझी आई तुझी पत्रिका घेऊन आमच्याकडे आली होती. सुशीललाच मुलगी पसंत आहे, म्हणाल्या. नोकरी-वर्गाच्या फंदात तिला पडावंच लागणार नाही, घरी बसून हवं ते शिकेल, सुशील शिकवेल. हे त्या किती मायेने बोलत होत्या! तेव्हा मी लाजून आत गेले होते. काल मला कळलं की मला घरी बसवायची तयारी जानेवारीतच झाली होती. मी आज आईबाबांना नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही. ते रीतीप्रमाणे ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप पाठवायला निघाले होते, मीच थांबवलं. गुरुजींनी पाहिली आहे, अठ्ठावीस गुण जुळतात. पत्रिका सोबत परत पाठवते आहे. नकार माझा आहे आणि कारण तुला ठाऊक आहे. तुझ्या आईला काय सांगायचं, ते तू सांग.

कालपर्यंत तुझी असलेली,
कौमुदी