तेजूचं ट्रेनिंग

५ नोव्हेंबर
बायको मंगल ऊसतोडीला गेली. माझ्याजागी तिचा भाऊ अंगद, त्याच्यासंगं तोडणीची जोडी लावली. माझी कंबर धरली, काय करणार! शिवाय पोरांकडं शिकलेलं माणूस पाहिजेच. मोबाईलवर व्हिडिओ बघितला: मुलांना स्वावलंबी बनवा. एकदम पटलं. उद्यापासून स्टार्ट.

६ नोव्हेंबर
थोरली तेजू पाचवीत हाय. तिला भाकरी थापायला लावली. करपली. रागावलो न्हाई, खाल्ली. व्हिडिओत म्हणलंय, कौतुक करा.

२० नोव्हेंबर
पाणी, भाकरी, धुणं, धाकट्या युवराजची अंघोळ, सगळं तेजू करती. मी सुपरव्हिजन. चहाच्या हॉटेलातून घर चांगलं दिसतं.

११ डिसेंबर
तेजूचा हात भाजला. मी हॉटेलवर गेलतो. टूथपेस्ट तिनंच शोधून लावली. लई प्रोग्रेस! गुरुजी भेटले. पोरगी शाळेत का येत न्हाई, म्हणाले. निवासी शाळेची परीक्षा जवळ आली, पास झाली तर पोरीचं कल्याण होईल. म्हणलं, मी हाय ना.

१७ जानेवारी
उद्या केजला परीक्षा. मंगलचा फोन: तुमी स्वतः घेऊन जा, तुमाला युवराजची आण हाय. हो म्हणलं. बायकांना पेरेंटिंग कळत न्हाई.

१८ जानेवारी
सकाळी तेजूला फाट्यावर सोडलं. एकटी जा म्हणलं, बोट धरून किती दिवस चालणार? डोळे भरले तिचे. मी मन घट्ट केलं.

दुपारी परत आली. जीप भरल्याबिगर ड्रायव्हर हालला न्हाई. केजला पोचली तर गेट बंद. लई वाजवलं म्हणे. म्हणलं, पुढल्या साली दे. म्हणली, अप्पा, ही एकदाच देता येती. असले नियम आधी सांगायला काय होतं लोकांना?

रडत रडत चुलीपुढं बसली. भाकरी मात्र गोल झाली.

१९ जानेवारी
तेजू ओट्यावर मंगलशी फोनवर बोलत होती. आतून ऐकलं. म्हणली, आई, परीक्षा हुकली. पुढल्या हंगामाला मी येते तुझ्यासंगं मोळ्या बांधायला. पण मग इथल्या दोन पोरांना भाकरी कोण घालील?

दोन? ही गेल्यावर युवराज एकटाच उरतो की! साधी वजाबाकी येत न्हाई, परीक्षेत काय दिवे लावणार होती?

चूक दाखवायला हाक मारणारच होतो. तेवढ्यात तिनं ताटं आणली. एक युवराजपुढं ठेवलं, एक माझ्यापुढं. दोघांनाही म्हणली, सांडू नका.

न सांडता जेवलो.