शेमतोवचा पट्टा

त्सफात, किस्लेव महिन्याची अकरावी

माझ्या पाठच्या भावा येहिएल,

तुला, तुझ्या बायकोला आणि ज्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत त्या तुझ्या लेकरांना देव सुखात ठेवो. मी बरी आहे. हे पत्र लोकरीच्या गाठोड्यांबरोबर सैदा बंदरात जाईल आणि तिथून जहाजाने तुमच्या सालोनिकाला. अक्षर माझंच आहे. आई तुला अक्षरं गिरवायला लावायची तेव्हा मी शेजारी लोकर पिंजत बसायचे, त्यात मीही शिकले, हे तुला कधी कळलंच नाही.

इकडे थंडी लवकर पडली. शेजारची ग्रासिया अजून तशीच आहे, सकाळी उठून साऱ्या गल्लीची उठाठेव करते. या वर्षी बिहीची फळं भरपूर आली, पण मुरंबा केला नाही. खाणारं कोण आहे?

तुझं पत्र पोचलं. मला नव्हतंच ते, इथल्या धर्मपंडितांच्या न्यायसभेला होतं. पण मला बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. तुझी भाषा काय सुंदर झाली आहे रे! इथे असताना साधा निरोप धड सांगता यायचा नाही तुला.

ते ऐकून वाटलं, तुला काही आठवत नाही. मी आठवण करून देते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा नवरा शेमतोव रंगवलेलं कापड घेऊन बोटीने गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. ना पत्र, ना निरोप. मग एक दिवस रंगाऱ्यांच्या बाजारात एक खेचरवाला, कुणी काही विचारलं नसताना, आपणहून म्हणाला की कान फाटलेल्या त्या यहुदी रंगाऱ्याला आम्हीच किनाऱ्यावर पुरलं, बिचारा. परधर्माच्या माणसाने न विचारता, सहज बोलताना सांगितलं तर आपल्यात ते साक्ष म्हणून धरतात. न्यायसभेचे पंडित हाखाम शेमाया म्हणाले, झालं, ही बाई पुन्हा लग्नाला मोकळी. सोमवारी कागद करू.

रविवारी तू माझ्या चुलीपाशी येऊन बसलास. आईची उजवी बाजू तेव्हा नुकतीच गेली होती.

"ताई, वल्हांडणाच्या सणापर्यंतच," तू म्हणालास. "तू मोकळी झालीस की कुणीतरी मागणी घालणार, मग आईला कोण बघणार? मी सालोनिकाला जाऊन जम बसवतो, सणाला परत येतो. तोवर हाखाम मसूदना सांग की शेमतोव स्वप्नात आला होता, दारात उभा राहून कमरेचा पट्टा मागत होता. नंतर सांगू की खोटं होतं."

मी विचारलं, पट्टाच कशाला? तू म्हणालास, मेलेला माणूस पट्टा मागत नाही. हुशार होतास तू, लहानपणापासून.

आई अंथरुणातून बघत होती. बोलता येत नव्हतं तिला तेव्हा. तिचे डोळे बघून मी हो म्हटलं. तुझ्यासाठी नाही.

न्यायसभेतले दुसरे, हाखाम मसूद, तुला माहीतच आहेत. पहाटे उठून जुन्या संतांच्या थडग्यांवर पालथे पडतात आणि पुस्तकात नसलेली उत्तरं घेऊन येतात. माझं स्वप्न ऐकून त्यांचा चेहरा उजळला. वरूनच खूण आली म्हणाले, बाई अजून बांधलेली आहे. हाखाम शेमाया भडकले. कायदा वर ढगात नसतो, इथे टेबलावर असतो, असं काहीतरी म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"स्वप्नाने इथे कुणी बांधलं जात नाही आणि सुटत नाही. ते बाजूला ठेव. तुझं तू सांग, बाई. तुझा नवरा जिवंत आहे का?"

माझ्या डोक्यात वल्हांडण होतं. चारच महिने, म्हटलं, काय बिघडतं.

"जिवंत आहे," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले आणि मग लिहून घेतलं. तेव्हा मला कळलं नाही, नंतर कळलं. स्वप्न त्यांनी फुंकरीने उडवलं असतं. पण नवरा जिवंत आहे असं बायकोनेच तोंडाने सांगितलं, तर हजार खेचरवाले आले तरी ती सुटत नाही. तिचा शब्दच तिला बांधतो. तिसरे न्यायाधीश, अर्धे बहिरे, त्यांनी नुसती मान हलवली. झालं.

तिसऱ्या आठवड्यात तू गेलास. एक वल्हांडण गेला, दुसरा गेला. नऊ झाले. माझी तीन पत्रं तुला पोचली, हे मला बोटीवाल्यांनी सांगितलंय. त्यामुळे त्याबद्दल खोटं लिहू नकोस.

आता अझारियाबद्दल. विणकर आहे, बायको गेलेली, दोन मुली. बोलताना अडखळतो. दोन हिवाळे आमचं छप्पर त्यानेच दुरुस्त केलं, आईला उचलून उन्हात बसवलं. मला तो आवडतो. लिहिलं एकदाचं. छत्तिसाव्या वर्षी हे पाठच्या भावाला लिहायची वेळ यावी, पण आली.

वसंतात मी न्यायसभेत जाऊन सगळं खरं सांगितलं. हाखाम शेमायांना काय आनंद झाला म्हणून सांगू. ते म्हणाले, आपल्याच शब्दाने बांधलेली बाई, खोटं का बोलली याचं पटण्यासारखं कारण देऊ शकली, तर तिला सोडवता येतं. कारण चांगलं आहे. फक्त तुझ्या भावाला एकदा विचारून घेऊ.

पाच महिने मी तुझ्या उत्तराची वाट बघितली. घराला चुना दिला. अझारियाच्या मुलींसाठी दोन झगे शिवले.

तू लिहिलंस, 'मी बहिणीला असं काहीही सांगितलं नाही. तिला खरोखर दिसलं होतं. आमच्या घराण्यात स्वप्नं खरी होतात.'

पत्र आणणारा सांगत होता की सालोनिकात लोक तुझ्याकडे स्वप्नांचा अर्थ विचारायला येतात, आणि एवढ्या मोठ्या हाखामाने तुला मुलगी दिली ती ताईच्या स्वप्नाची गोष्ट ऐकूनच. मला खरं वाटलं नव्हतं. तुझं पत्र ऐकल्यावर वाटलं.

हाखाम शेमाया म्हणाले, भाऊ एक सांगतो, बहीण दुसरं. मी हिला सोडलं आणि उद्या शेमतोव परत आला, तर हिला पुढे होणाऱ्या पोरांचं काय होईल? त्यांना पत्राची घडी घालायला बराच वेळ लागला. मग हाखाम मसूद थडग्यांवर गेले. तीन दिवसांनी येऊन सांगितलं, त्यांनाही शेमतोव दिसला. जिवंत. आणि कमरेला पट्टा नव्हता.

मी हसले, येहिएल. भर न्यायसभेत. त्या पट्ट्याची गोष्ट तर तू रचली होतीस, माझ्या चुलीपाशी बसून.

अझारिया दाराशी उभा राहून ऐकत होता. हनुक्काच्या सणानंतर हलब शहरातल्या एका विधवेशी त्याचं लग्न आहे. सांगायला तो स्वतः आला. 'लग्न' या शब्दावर अडकला. एरवी मी शब्द पुरवते, त्या दिवशी पुरवला नाही. झगे तेवढे देऊन टाकले.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते. आई गेली. गेल्या हिवाळ्यात, शेवात महिन्यात. न्यायसभेला मीच सांगितलं होतं की पत्रात हे लिहू नका, माझं मी कळवीन. शेवटी तिला थोडं बोलता यायला लागलं होतं. सारखी विचारायची, येहिएल आला का? शेवटच्या दिवशी मी म्हटलं, मला स्वप्न पडलं आई, तो वाटेवर आहे. तिने ऐकलं आणि शांत झाली. स्वप्न खोटंच होतं. तुझ्याकडूनच शिकले.

तीस दिवस कधीच उलटून गेलेत, तेव्हा तुला सुतकाला सात दिवस बसायचं नाही. कपडा फाड, पायातले जोडे काढ आणि तासभर जमिनीवर बस. तेवढं पुरतं. पुस्तकात आहे.

आणि आता घाईघाईने खरं लिहून पाठवू नकोस. मी विचारून आले. एकदा बोललेला साक्षीदार उलटला तर त्याचं पुन्हा ऐकत नाहीत. हेही पुस्तकात आहे.

शेमतोवचा खरा पट्टा इतकी वर्षं खुंटीवर होता. या पत्राबरोबर पाठवते आहे. सैद्यापर्यंत गाठोड्यात जाईल, पुढे हरवला तर हरवला. शेमतोव मागायला आलाच, तर तुझ्या दारात येऊ दे.

जिवंत शेमतोवची बायको,
तुझी ताई,
वीदा