मामीच्या शेवयांच्या पाटाचं वय

मु. कडा
पोळा होऊन आठवा दिवस

आदरणीय परमेश्वर दाजी यांना धाकटा मेव्हणा आदिनाथ याचा वाकून नमस्कार. स्वप्नालीताईची कंबर, तुमची ॲसिडिटी आणि तुमच्या दवाखान्यातलं एक्स-रेचं मशीन, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. (मशीनचं मुद्दाम विचारलंय. का ते खाली येईल.)

हे पत्र मी महिनाभर टाळत होतो, हे आधीच कबूल करतो. पहिल्यांदा पेन नव्हता. पेन मिळाला त्याच दिवशी कांद्याचा एक टेम्पो निघाला होता आणि ड्रायव्हर ओळखीचा निघाला, म्हणून त्याच्यासोबत सोलापूरला गेलतो. तिथं माझं काही काम नव्हतं. फोन का केला नाही म्हणाल, तर मी सध्या सुंदरमामीकडं राहतो, आणि मी फोन कानाला लावला की मामी शेजारी येऊन लसूण सोलायला बसते. या घरात एवढा लसूण कुणी खात नाही. म्हणून कागद. पत्र अंबाजोगाईच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देतोय; पाकीट नीट चिकटलेलं आहे का तेवढं बघून घ्या, त्या माणसाची नजर मला बरी वाटत नाही.

तर दोन वर्षं मी उडुपीच्या पुढं समुद्रावर कामाला होतो. लाटेवर उभं राहून घसरत यायच्या फळ्या असतात, सर्फबोर्ड म्हणतात, त्या उचलायच्या आणि धुवायच्या. (मला पोहता येत नाही हे आईला सांगू नका. तिला वाटतं मी हॉटेलात आहे.) तिथं सदानंद आण्णा म्हणून मोडक्या फळ्या दुरुस्त करणारा म्हातारा आहे. लांबलांबचे लोक त्याला जुन्या फळ्यांचे फोटो पाठवतात आणि तो वय सांगतो. मी मागं लागलो, मला पण शिकव. सहा महिने त्यानं नुसतं बघू दिलं. जुनी लांब फळी नऊ-दहा फुटांची, एकट्या माणसाला जड जाते. मधोमध खऱ्या लाकडाची पट्टी. खालचा पंख अंगाशी एकजीव केलेला, स्क्रूनं बसवलेला नाही. कारखान्याचा छाप वरून चिकटवलेला असला की संशय घ्यायचा, काचेसारख्या थराच्या आत असला की मान डोलवायची. पिवळेपणा जसं ऊन लागलं तसा कमीजास्त असतो. सगळीकडं सारखी पिवळी म्हणजे कुणीतरी मुद्दाम म्हातारी केलेली. आणि सगळ्यात मोठी खूण शेपटीची. पायाला बांधायच्या दोरीचं भोक असलं तर फळी अंदाजे बहात्तर सालच्या अलीकडची, भोक नसलं तर पलीकडची. मला हे लगेच पाठ झालं, कारण आपल्याकडं तरी सगळ्यांचं वय दुष्काळाच्या अलीकडं की पलीकडं असंच मोजतात. आण्णा म्हणाला, स्वतः एक जुनी ओळखून दाखव, मग दुरुस्तीच्या शेडमध्ये घेतो, नाहीतर जन्मभर धुत बस. दाजी, माझं मन कशातच पंधरा दिवसांवर टिकत नाही हे तुम्ही पाहिलंय. त्या शेडच्या दारात मात्र दोन वर्षं टिकलं.

पावसात तिकडचं काम बंद, म्हणून गावी आलो, मामीकडं चहाला गेलो (तो तिथंच राहिलो), ओट्यावर बसलो, आणि लक्षात आलं की मी ज्यावर बसलोय ती फळीच आहे! बद्रीनाथमामा (वारले त्याला सहा वर्षं झाली) तरुणपणी ट्रकवर क्लीनर होते, त्यांनी गोव्याहून आणलेली. कुणी गोरा सोडून गेला होता म्हणे. उन्हाळ्यात तिच्यावर अख्ख्या गल्लीच्या शेवया होतात, कारण एवढा लांब आणि गुळगुळीत पाट पंचक्रोशीत नाही. बाकी वर्षभर बसायला. मी फोटो काढून आण्णाला पाठवला. त्याचं उत्तर आलं की दिवाळीनंतर बघू. आणि मग मी वाकून शेपटी बघितली. इथंच चुकलं. आपल्याकडं जुन्या वस्तूकडं कुणी वाकून बघितलं की लोकांना आधी मांडूळ आठवतं, मग गुप्तधन, मग पोलीस.

"कावून बघायलास रं?" मामी.

काही नाही म्हणालो. शेपटीला भोक होतं, म्हणजे फळी बहात्तरच्या अलीकडची. हे कुणी पाडलं विचारलं तर म्हणाली, सटवा सुतारानं, खुंटीला टांगायला. म्हणजे भोक मागाहूनचं आणि फळी जुनीच, मला हसू आलं. तिनं ते हसू पाहिलं आणि लगेच म्हणाली, "न्हाई न्हाई, भोक पहिल्यापासून हाय. मालकानं आणलं तवाच व्हतं." सटवाकडं गेलो, तर तो म्हणाला, "म्या न्हाई पाडलं. कुणी तक्रार दिली का?" फळी कधी आणली ते मामीला विचारलं, तर सोमवारी दुष्काळाच्या साली, मंगळवारी पोरगी झाली त्या साली आणि बुधवारी मामी उलट मलाच विचारायला लागली, तुला कोणतं साल पाहिजे?

मी फळी विकत मागणार असं धरून गुरुवारी तिनं सिदूला बोलावलं. सिदू बैलबाजारात दलाली करतो. बैलाचे दात बघून वय ओळखतो आणि गिऱ्हाईक दिसलं की तेच वय दोन वर्षांनी उतरवतो. त्यानं फळीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीवर थाप दिली, खाली वाकून पंख हलवला आणि म्हणाला, चार दाती हाय, लई तर सहा, म्हंजी तरणीच. मी म्हणालो, साठ वर्षांची आहे. मामीचं तोंड उतरलं.

"बघा काकू," सिदू म्हणाला, "पाडून मागायलाय."

मी जीव तोडून सांगितलं की फळी जितकी जुनी तितकी मोलाची. सगळी गल्ली हसली. "असलं गिऱ्हाईक मला दे की बे," सिदू म्हणाला, "माझ्या दावणीला तीन म्हातारे हायत."

दुसऱ्या दिवशी मामीनं स्वतःहून मला कपिलधारला दर्शनाला पाठवलं, वर डबाही दिला. मला तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, मामीनं आजवर मला कधी डबा दिलेला नाही. पण धबधबा चांगला जोरात होता, तिथं लातूरकडचे दोन सोंगाड्यासारखे भाऊ भेटले, त्यांची मोटारसायकल बिघडलेली, त्या नादात एकाचे दोन दिवस झाले. परत येऊन बघतो तर ओट्यावर फळीचा नवरदेव आडवा! सिदूनं बैलाची शिंगं साळतात तशी फळी काचेच्या तुकड्यानं साळून काढली होती, साठ वर्षांचा पिवळेपणा अंगणात भुश्यासारखा पडलेला. कडेनं पोळ्याचा उरलेला लाल हिंगूळ, मधल्या पट्टीवर निळा ऑईलपेंट, दोन्ही टोकांना बेगड, पंखाला गोंडा. आणि भोक, दाजी, ते भोक रंगाऱ्याची लांबी भरून बुजवलेलं.

"आता म्हण बरं म्हातारी!" मामी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

माझ्याजवळ जी काय विद्या होती ती सगळी त्या अंगणात झाडून गोळा केलेली होती. मामी लबाड नाही, फसायचं नाही एवढंच तिला कळतं, आणि तिनं मला फसवणाऱ्यांत धरलंय याचं मात्र मला वाईट वाटलं. असो. तुम्ही मोठे आहात, ताईला नमस्कार सांगा, माझी काळजी करू नका, मला तुमच्याकडून काहीही नको.

तुमचा,
आदिनाथ

ता. क. जन्माची नोंद नसलेल्या माणसाचं वय हाडांच्या फोटोवरून निघतं आणि तसा दाखला मिळतो, असं तुम्हीच एकदा जेवताना बोललात. तसा फळीचा निघेल का? तिरपी धरली तर दारातून जाईल. ताईला शेवयांसाठी पाट हवाय असं मामीला सांगितलंय, तेवढं ताईच्या कानावर घाला. दाखल्यावर नाव काहीही टाका, वय साठच्या पुढचं पाहिजे. मशीनमध्ये वेगळं दिसलं तरी.

ता. क. २. दाखल्याचं राहू द्या. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सदानंद आण्णा दारात! दिवाळी नाही, निरोप नाही, लुंगीवर एसटीतून उतरून विचारत विचारत आला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. फळी एका टोकानं उचलून वजन घेतलं, बोटाच्या पेरानं ठोकून कान लावला आणि मान डोलवली. म्हणजे माझा डोळा खरा निघाला! मग साळलेल्या अंगावरून तळहात फिरवला, एकदा, दोनदा. मला वाटलं आता शिव्या पडणार. तर विचारतो, "इतना साफ किसने घिसा? एक भी खड्डा नहीं." मामीनं ओट्याशी उभ्या सिदूकडं बोट दाखवलं. शेडमध्ये माणसाची एकच जागा आहे, हे मी वर लिहायला विसरलो. आण्णा आणि सिदू आता फळीवरच बसलेत, मामी त्यांना चहा देतीय, आणि सिदूनं आत्ताच मला हाक मारून विचारलं, समुद्राकडं कोणती एसटी जाते.