तांबड्या रश्शाबरोबरची वाईन

नॉटिंगहॅम
४ मार्च २०२५

चि. अवधूत यास,
अ. उ. आ.

फोनवर तुझं-माझं नीट बोलणं होत नाही, म्हणून पत्र. बावीस तारखेला तुझ्या आईची साठी. हॉस्पिटलातली जुनी मंडळी जेवायला बोलावली आहेत, डॉ. हॅरिस आणि त्यांची बायकोसुद्धा. तांबडा रस्सा मी करणार. आईला त्या दिवशी किचनबंदी.

रविवारी रंगीत तालीम केली. भारीतली रेड वाईन आणली होती, चौदा टक्क्यांची. एक घास, एक घोट, आणि तोंडात वणवा पेटला. आईने ग्लास सारून ताक घेतलं आणि म्हणाली, घरात ज्याला यातलं कळतं त्याला विचारा. डॉक्टरी सोडून तू ज्याच्या मागे लागलास त्याचा मला कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. तरी विचारतो. तिखटाबरोबर काय द्यावं?

वेळेवर जेवत जा, प्रकृतीस जप.
तुझा,
बाबा


ईलिंग
८ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमचा पत्र बघून आधी घाबरलो. आई बरी आहे ना, असं वाटलं.

अल्कोहोल जास्त असला की तिखट अजून जळतो, आणि रेडमधला तुरटपणा त्याच्यावर मीठ चोळतो. तुम्हाला पांढरा, थोडा गोड, हलका वाईन पाहिजे. मोझेल भागातला जर्मन रीसलिंग बघा. लेबलवर ‘काबिनेट’ आणि आठ-नऊ टक्के लिहिलेला असतो. ‘ट्रोकन’ असेल तर घेऊ नका, तो गोड नसतो. काबिनेट सरबतासारखा नाही लागत. आईच्या चिंच-गुळाच्या आमटीसारखं, गोड आणि आंबट एकमेकांना सांभाळतात.

आईने मला पण बोलावलंय. पण ती म्हणते, तुम्ही हॅरिसकाकांना अजून सांगता की मी लंडनच्या हॉस्पिटलमध्ये आहे. मी आलो आणि त्यांनी विचारलं तर काय बोलू? खोटं बोलायला मला नाही जमणार. तुम्ही सांगा, मग ठरवतो.

तुम्हाला आणि आईला नमस्कार.
अवधूत


नॉटिंगहॅम
१५ मार्च

चि. अवधूत यास,
अ. उ. आ.

वाईन स्त्रीलिंगी असते रे. तुझ्या पत्रात ती पानभर पुरुष होऊन हिंडते आहे.

काल सुपरमार्केटातून रीसलिंग आणली. चष्मा गाडीत राहिला होता. घरी येऊन पाहतो तर ‘ट्रोकन’. आईने घोट घेऊन डोळे मिटले, ते आनंदाने नव्हे. हे काम माझ्याच्याने होणार नाही. बाटल्या तूच घेऊन ये. शनिवारी दुपारी स्टेशनवर घ्यायला येतो.

हॅरिसचं काय ते मी बघतो.

वाट पाहतो आहोत.
बाबा


नॉटिंगहॅम
२६ मार्च

चि. अवधूत यास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचल्याचा मेसेज आईने वाचून दाखवला. तिचं अजून त्या जेवणाबद्दलच बोलणं चालू आहे. आधी घास, मग घोट, असं तू मिसेस हॅरिसना समजावत होतास. मिऱ्याच्या पापडालाही घाबरणारी बाई, तिने रस्सा पुन्हा मागून घेतला! मीही तसंच करून पाहिलं. तोंडातली आग निवली आणि वाटणातलं भाजलेलं खोबरं, तीळ पुन्हा लागायला लागले. हे अंदाजपंचे जमत नाही, एवढं मला कळलं.

तू भात आणायला आत गेलास तेव्हा हॅरिसने विचारलं, अवधूत सध्या कुठल्या डिपार्टमेंटला असतो. आईने मान खाली घातली. मी म्हणालो, त्याने दोन वर्षांपूर्वीच हॉस्पिटल सोडलं. ईलिंगला वाईनच्या दुकानात काम करतो, आणि आत्ता तुझ्या ग्लासात आहे ती त्यानेच निवडली आहे. माझ्या ट्रोकनची फजिती आईने जेवताना सगळ्यांना सांगितली होतीच. हॅरिसने ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, मग इतके दिवस आम्हाला ट्रोकन का पाजत होतास? आम्ही सगळेच हसलो. तू भात घेऊन आलास आणि काय झालं म्हणून विचारलंस, तर कोणी सांगेना. मलाही तेव्हा सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

लोभ असावा, आणि येत जा.
तुझा,
बाबा