हात वर केलेला माणूस

क्लेमेंटी, सिंगापूर
रविवार, २२ फेब्रुवारी

ती. अप्पांना धैर्यशीलचा साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे? इथं ऊन आणि पाऊस एकाच दिवशी. फोन केला की तुम्ही पहिलं विचारता, "टिकलास का रे तिथं?" म्हणून या वेळी कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय.

पोरगा ड्रोनच्या कंपनीत लागला म्हणून तुम्ही गावभर पेढे वाटलेत. पण काम काय, ते मी कधी सांगितलं नाही. मी शेडमध्ये नुसता चालायचो, अप्पा. पळायचो, रांगायचो, पोत्यांमागं लपायचो. वरनं ड्रोन बघायचा. पडद्यावर माझ्याभोवती लाल चौकट आली की शिट्टी. शिट्टी म्हणजे माणूस मेला. बटण दाबणारं कुणी नाही, त्याचा तोच ठरवतो. पुढं खऱ्या लढाईत जाणार तो. मला खेळच वाटायचा. लपण्यात मी पटाईत, तुमच्या छडीची कृपा.

मंगळवारी गिऱ्हाईक बघायला आलं. मी पोत्यांमागनं निघालो आणि का कोण जाणे, दोन्ही हात वर केले. तुम्ही सांगायचात ना, समोरच्यानं हात वर केले की बोट ट्रिगरवरनं काढायचं. फौजेत असताना सीमेवर तुम्ही तसंच केलंत, वर आपल्या बाटलीतलं पाणी पाजलंत त्या शत्रूच्या जवानाला.

शिट्टी वाजलीच.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचे इंजिनियर क्षितिजदादा, पुण्याचे, धावत आले. "एक नंबर! हात वर असूनही पकडलं बघ. परत कर, व्हिडिओ घेऊ."

"दादा, शरण आलेल्याला मारत नाहीत."

"अरे, यंत्रांसाठी काय नियम करायचे यावर देशोदेशीच्या बैठका चालल्यात. ठरलं की घालू ड्रोनमध्ये."

"आणि ठरेपर्यंत?"

"ठरेपर्यंत तू चाल की, बाबा!"

मी तिथंच फरशीवर बसलो. इथले साहेब त्यांच्या सिंगापुरी ढंगात ओरडले, "गेट अप, ला! वर्क परमिट कॅन्सल करू?" नाही उठलो.

संध्याकाळी दादा बायकोला घेऊन खोलीवर आले. ऋतावहिनी इथल्या युनिव्हर्सिटीत याच नियमांवर काम करतात, त्या बैठकांनाही जातात. सगळं ऐकून म्हणाल्या, "हे मी बैठकीत सांगू? तुझ्या नावानं?"

म्हटलं, "सांगा. पण अप्पांच्या पाण्याचंही सांगा."

दादांनी डबा उघडून माझ्यापुढं पोळी ठेवली.

सातवीत शाळा सोडलेल्या तुमच्या पोराचं नाव तिथं घेणार आहेत, अप्पा. तुमचंही.

तर, टिकलो नाही. परमिट गेलं, शुक्रवारचं विमान आहे. गॅरेज सोडलं, हॉटेल सोडलं, ते कंटाळून. हे तसं नाही सोडलेलं. पारावर कुणी विचारलं तर मान वर ठेवून सांगा.

कराडच्या स्टँडवर घ्यायला या. गर्दीत दिसलो नाही तर दोन्ही हात वर करीन. तुम्ही ओळखाल.

तुमचाच,
धैर्यशील कमलाकर