माझ्या चुकीच्या पट्टीत

रविवार, ४ ऑक्टोबर १९८७

आज हॉलने मला डोक्यावर घेतलं! हे स्वतःच लिहून ठेवतोय, कारण व्हर्डेल घरी येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. गाडी चालवताना बायको बोलत नाही, कबूल. पण लाल दिव्याला तरी बोलावं माणसाने.

क्लीओफस गेल्यापासूनचा हा पहिलाच रविवार. गेला म्हणजे वर नव्हे, ओमाहाला, लेकीकडे. माणसाहून उंच डबल बास उचलायला त्याच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. त्याच्या जागी ओडेसा उभी राहिली — माझीच विद्यार्थिनी, आता स्वतः शाळेत संगीत शिकवते. ट्रम्पेटला नेहमीचा बस्टर. आणि पियानोवर, अर्थात, मी. कॅन्सस सिटीतल्या या वादकांच्या हॉलमध्ये रविवार दुपारी पियानोवर दुसरं कोणी बसलेलं माझ्या कानांना आठवत नाही.

पहिले सूर असे सोडले की जणू ऑक्टोबरचं सोनेरी ऊन नदीवर सांडावं. ऊन सोनेरी असतं हे मला सांगितलं अंधशाळेतल्या मिस टॉलिव्हर बाईंनी. त्यांच्या कवितांत ऊन कायम सोनेरी आणि चांदणं कायम रुपेरी. माझे डोळे पाचव्या वर्षी गेले. मला स्वतःला आठवतो तो पिवळा रंग फक्त मक्याच्या पावाचा. तर, मक्याच्या पावासारखं ऊन नदीवर सांडलं. नको. सोनेरीच राहू दे.

टाळ्या भरपूर. वयाच्या मानाने — नाही, वयाचा काही संबंध नाही.

सोमवार, ५ ऑक्टोबर

व्हर्डेल बोलली. न बोलती तर बरं.

आमच्यात गाण्याची पट्टी तोंडाने सांगत नाहीत. पुढचा वादक बोटं दाखवतो. वर केलेली बोटं म्हणजे पट्टीत तितके शार्प, म्हणजे चढे सूर; खाली केलेली म्हणजे तितके फ्लॅट, उतरे. सगळे एका नजरेत समजतात, मी सोडून. म्हणून क्लीओफस तीच बोटं माझ्या पाठीवर टेकवायचा. शार्प खांद्यापाशी, फ्लॅट कमरेपाशी. इतकी वर्षं हे चाललं की ती बोटं त्याची आहेत हेच मी विसरलो होतो. मला वाटायचं, मला आपोआप कळतं. काल पाठीवर कोणाचीच बोटं नव्हती.

"बस्टरने तीन बोटं खाली धरली होती," व्हर्डेल म्हणाली. "तू भलतीच पट्टी धरलीस."

"मग?"

"मग काय? ओडेसाने बस्टरकडे पाहिलं, बस्टरने छताकडे. आणि गेले सगळे तुझ्या मागोमाग, मेंढरांसारखे."

"मला वाटलं, तीच ठरली होती."

"त्यांनी वाटू दिलं तुला."

"आणि टाळ्या?"

"त्या त्यांच्यासाठी होत्या, लेम. बीन्स खा, निवतायत."

ती चर्चमध्ये गाते. तिचे कान माझ्याहून तिखट. शंकेला जागाच नाही. बस्टरने बिचाऱ्याने भलत्याच पट्टीत अख्खा सोलो काढला. आणि चांगला काढला. हे जास्त लागलं.

बरं झालं, हे ब्रेलमध्ये टोचून लिहितो ते व्हर्डेलला वाचता येत नाही. तिच्या मते ही माझी टिंबं म्हणजे कागदाला आलेल्या कांजिण्या.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

पियानोला हात लावला नाही. त्यानेही माझी चौकशी केली नाही.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

क्लीओफसला ओमाहाला फोन. तिथे म्हणे नातवंडं त्याला मोठ्याने टीव्ही लावू देत नाहीत. त्याचं रडगाणं संपल्यावर माझं सुरू केलं.

"मी चुकलो की तू काय करायचास रे?"

"कोपर मारायचो. बरगडीत."

"आणि तरी नाही कळलं तर?"

"आईवरून शिवी द्यायचो. का? तिथे तुला कोणी शिव्या देत नाही?"

"नाही."

"अरेरे." खरंच हळहळला. "मग म्हातारा झालास, भाऊ. लोक सभ्य वागायला लागले की ओळखावं."

रविवार, ११ ऑक्टोबर

आज ओडेसाने माझ्या पाठीवर बोटं टेकवली. म्हणजे पट्टीचा प्रश्न मिटला. पण मला क्लीओफसचं बोलणं टोचत होतं. म्हणून मुद्दाम चुकलो. चालू गाण्यात, मधल्या कडव्यात, दोन मात्रा जास्तीच्या घातल्या. विद्यार्थ्याने घातल्या असत्या तर मी पियानोचं झाकण आपटलं असतं.

सगळे आले मागोमाग! ड्रमवाल्याने तर त्या दोन मात्रा अशा सजवल्या, जणू दुकानात तशाच मिळतात. नंतर कोणीतरी माझा हात दाबून म्हणालं, "मास्तर, काय कल्पना सुचते हो तुम्हाला!"

या हॉलचा रिवाज सोपा आहे. चुकला की मंचावरून खाली उतरवायचं. सतरा वर्षांचा असताना मलाही उतरवलंय, भर गर्दीत. तेव्हा उतरवल्याची लाज वाटली होती. आज न उतरवल्याची.

सोमवार, १२ ऑक्टोबर

ओडेसाला घरी बोलावलं. रताळ्याची गोड पाई घेऊन आली. अपराधी माणसं नेहमी गोड घेऊन येतात.

"मी चुकलो ते कळलं होतं तुला?"

"पहिल्याच सुराला."

"मग थांबवलं का नाहीस?"

"तुम्हीच शिकवलंत, मास्तर. गाणारा भरकटला तर त्याला एकटं सोडू नये. आपणही बरोबर जावं."

"ते गाणाऱ्यांसाठी! त्या बिचाऱ्यांना मात्रा मोजता येत नाहीत."

"ऐकलं मी," स्वयंपाकघरातून व्हर्डेल.

आवाज खाली आणून मी विचारलं, "पोरी, खरं सांग. मी बँडमध्ये आहे, का भिंतीवरच्या फोटोत?"

तिने काटा बशीत ठेवला.

"तुम्हाला उतरवायचं कोणी?" ती म्हणाली. "त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांची बोटं तुम्ही धरून पियानोच्या पट्ट्यांवर ठेवलीत. माझीसुद्धा." आवाज ओला. मला हे आवडत नाही.

"रडू नकोस, पाई खारट होईल. आणि ऐक. येत्या रविवारी मी चुकलो आणि तुम्ही पुन्हा सांभाळून घेतलंत, तर त्या खुर्चीवर मी परत बसणार नाही. कायमचा."

"मग चुकू नका," म्हणाली कार्टी, आणि बशी धुवायला गेली.

शनिवार, १७ ऑक्टोबर

दिवसभर जुन्या गोष्टी. मिस टॉलिव्हर बाईंनी एका म्हाताऱ्या ओक वृक्षावरची कविता पाठ करून घेतली होती. शेवटच्या कडव्यात तो वादळात ताठ मानेने कोसळतो. मला ती फार आवडायची. आज पुन्हा म्हणून पाहिली. आता वाटतं, कवीने एकदा त्या झाडाला विचारायला हवं होतं.

व्हर्डेलला म्हटलं, उद्याचा कदाचित शेवटचा रविवार, निळा कोट काढ.

"निळा कुठला? तुझे सगळे कोट काळे आहेत."

एवढी वर्षं मी निळा म्हणून मिरवत होतो! माझी चाल त्या कोटात वेगळी असायची.

रविवार, १८ ऑक्टोबर

आज मुद्दाम नव्हतं. तिसऱ्या गाण्यात खरंच हरवलो. कितवं कडवं, मी कुठे, काही उमगेना. बोटं नुसती चालत राहिली. कोणी मागोमाग आलं नाही. आधी बास थांबला, मग ड्रम, मग सगळेच. कोणाच्या तरी ग्लासातला बर्फ ऐकू आला.

"मास्तर, चुकलात," ओडेसा म्हणाली. "खाली उतरा. सराव करून पुढच्या रविवारी या."

उतरलो. भर गर्दीत.

व्हर्डेल जेवायला हाका मारतेय. निवू दे जेवण. पियानो उघडाच ठेवलाय. एवढं टोचून झालं की परत सरावाला बसतो.